खोकला थांबू नये म्हणून

तिला सगळे आळंबीबाई म्हणत. लग्नाला पंधरा वर्षं झाली, पण कुणाची तरी बायको नि कुणाची तरी आई यापलीकडे तिला कुणी काही म्हटलंच नव्हतं, म्हणून या नावाचं तिला भारी कौतुक. मागची अडगळीची खोली तिने एकटीने रिकामी केली, काळोखी नि दमट ठेवली, भिजवलेल्या पेंढ्याच्या पिशव्या टांगल्या आणि आळंबी पिकवली. आळंबी कोवळी असतानाच काढायची असते. पण बाई हौशी! छत्र्या चांगल्या ताटलीएवढ्या होऊ द्यायची, आणि खाली पांढरी भुकटी सांडली की म्हणायची, "बघा, कसं बाळसं धरलंय!"

मग खोकला लागला तो लागलाच. चार महिने औषधं झाली, वाफारे झाले, एक्स-रे झाला. मास्क लावला, तर मास्कच्या आत खोकली. शेवटी डॉक्टरबाईंनी हातावर थेंब टाकून सुईने टोचून पाहिलं. धूळ, मांजर, परागकण, सगळे गप्प. बुरशीच्या थेंबाखाली मात्र ही टरटरून गांध उठली.

"आळंबी म्हणजे बुरशीच," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ती भुकटी म्हणजे तिचे बीजाणू. इतके बारीक की श्वासाबरोबर लाखांनी आत जातात. त्यांचीच ॲलर्जी असेल, पण नुसतं टोचून खात्री देता येत नाही. तीन आठवडे खोलीत पाऊल टाकू नका. खोकला थांबला, तर खोली कायमची सोडायची. नाही थांबला, तर दुसरं कारण शोधू."

झालं! बाईच्या जिवाला घोर लागला. खोकला राहिला तर खोली राहणार होती. खोली धाकट्या जावेकडे दिली, पण हिचा पाय काही एका जागी ठरेना.

"पाणी शिंपडलंस का गं? दार नीट लोटलंस?"

"हो ताई, लोटलं. बसा की जरा!"

बसवेल तर ना! घासलेली भांडी पुन्हा घासली, कपाट लावलं, विस्कटलं, परत लावलं. दहाव्या दिवशी सकाळी उठली तर घशात खवखव नाही, छातीत ढास नाही. बाई घाबरलीच. चहा पिताना मुद्दाम खोकली, जेवताना खोकली.

"खरी उबळ आली की तू आधी भिंत धरतेस," नवरा हळूच म्हणाला. "चार महिने ऐकतोय मी."

"तुमचं काय जातंय बोलायला!" ती उसळली. "खोली गेली की मी परत कोण, सांगा ना!" आणि ढसाढसा रडली.

तीन आठवडे झाल्यावर दोघं दवाखान्यात गेली.

"काय म्हणतोय खोकला?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

ती तोंड उघडणार, तोच नवरा म्हणाला, "आहे की! तसाच आहे. फरक म्हणून नाही."

हा माणूस जन्मात कधी खोटं बोलला नव्हता. कान लालबुंद झाले होते, नजर टेबलावर खिळलेली. उद्यापासून ही त्या खोलीत खोकत राहणार आणि तो रात्रंदिवस ऐकत राहणार, हे कबूल करून बसला होता वेडा. तिला भडभडून आलं.

"खोटं बोलतायत हे," ती म्हणाली. "थांबलाय. अकरा दिवस झाले."