पत्रूने लावलेली आग

पत्रू उसेंडी वर्षातले चार महिने सरकारी माणूस असतो. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत तो वनविभागाचा हंगामी फायर वॉचर, आणि उरलेले आठ महिने धानाच्या बांधीत. जंगलात धूर दिसला की पाठीवर पाला उडवायचा ब्लोअर अडकवायचा, आगीच्या पुढे जाऊन जमिनीचा पट्टा मोकळा करायचा आणि उरलेली आग हिरव्या फांद्यांनी झोडपायची. सतरा हंगाम त्याने दुसरे काही केले नाही. अशा माणसाला एकदा खास आग लावण्यासाठी बोलावणे आले. बोलावणारे सगळे शहाणे होते, हे आधीच सांगून ठेवतो.

झाले असे, की गावच्या आश्रमशाळेच्या वाचनालयात आक्षेपार्ह पुस्तके आहेत, असे निनावी पत्र कुणीतरी वर पाठवले. वरून चौकशीचा हुकूम सुटला आणि आरमोरीहून एक समिती आली. समितीचे अध्यक्ष गुणवंतराव. पुस्तकांशी त्यांचा शेवटचा संबंध दहावीला आला होता, आणि तोही फारसा सलोख्याचा नव्हता. चारशे पुस्तके एका दुपारी वाचणार कोण? पण गुणवंतराव अडून राहणाऱ्यांतले नव्हते. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात लाल रंग चांगला नाही, एवढे त्यांना पक्के ठाऊक होते. लाल पुठ्ठा दिसला की पुस्तक डावीकडे, बाकी सगळी उजवीकडे. तासाभरात चौकशी आटोपली, चहाही झाला.

डावीकडच्या ढिगात मग काय काय गेले! लोणची-पापडांचे पुस्तक, रक्तदानाची माहितीपुस्तिका, पाढ्यांच्या वीस प्रती, एका रेल्वेचे जुने वेळापत्रक. सरकारला पानोपानी शिव्या घालणारे एक जाडजूड पुस्तक मात्र हिरव्या पुठ्ठ्यात होते. ते सन्मानाने कपाटात राहिले आणि आजही तिथेच आहे.

त्याच ढिगात एक लाल पुठ्ठ्याचे रजिस्टर होते. शाळेच्या नंदिनी बाईंनी दोन वर्षे पत्रूच्या आईजवळ, ठमाबाईजवळ, बसून तिच्या गोष्टी त्यात उतरवल्या होत्या. डोंगराच्या, देवांच्या, जनावरांच्या, माणसांच्या. पुढे बाईंची बदली घुग्घुसला झाली, ठमाबाई वारली, आणि रजिस्टर कपाटात राहिले. पत्रू चौथी शिकलेला. अक्षर अक्षर जोडत का होईना, वाचता यायचे. पण शाळा काय, रोजच्या वाटेवर होती. आज नाही तर उद्या वाचू, असे म्हणता म्हणता दोन वर्षे गेली. डावीकडचा ढीग जाळायचे ठरले, आणि त्यासाठी बोलावलेल्या पत्रूला ते रजिस्टर ढिगात दिसले.

"पत्रू, आगीतला मानूस तू," गुणवंतराव म्हणाले. "लाव तूच."

"भाऊ, माहं काम इझवाचं हाये. लावाचं नाई."

"एकच हाये ना लेका! आग तर आग."

"मंग थे लाल रजिस्टर तेवढं द्या. माह्या मायच्या गोष्टी हायेत त्यात."

गुणवंतरावांनी कागद वर धरला. "पंचनाम्यात दोनशे अकरा नग लिवले, सह्या झाल्या. एक कमी झाला तर माही मान अडकते. अन् लाल हाये, दिसत नाई काय?"

पत्रूने वनरक्षक कुलदीपकडे पाहिले. पुढच्या हंगामात कुणाला घ्यायचे, ती यादी कुलदीपच्या हातात होती. कुलदीप जमिनीकडे बघत म्हणाला, "वरून सांगतलं हाये, पत्रू. करून टाक." आणि मोटरसायकलला किक मारून नाक्यावर निघून गेला.

आता पत्रू काय करणार? तो कामाला लागला. शाळेमागे, जंगलाच्या कडेला, त्याने गोल जागा झाडून काढली आणि ढीग स्वतःच्या हाताने रचला. मिटलेली, दाबून लावलेली पुस्तके लवकर पेट घेत नाहीत, कारण आत हवा शिरत नाही. हे त्याला गुणवंतरावांपेक्षा जरा जास्त कळत होते. त्याने पुस्तके विटांसारखी गच्च बसवली, रजिस्टर मधोमध दाबले आणि वरून सुका पाला असा सढळ हाताने ओतला, की काडी लागताच ज्वाळा सागाच्या शेंड्याला भिडायला निघाल्या.

"वा! आग पायजे तर अशी!" गुणवंतराव म्हणाले. त्यांनी सात फोटो काढले, 'पूर्ण भस्मसात' असे लिहून पंचनामा बंद केला आणि समिती जेवायला गेली. कोंबडा केव्हाचा शिजत होता.

पाला जळून खाली बसतो न बसतो, तोच पत्रूचा फोन वाजला. कुलदीप होता.

"पत्रू, तुह्या बीटात आग दिसून राह्यली. सॅटेलाइटनं पकडली, मोबाइलवर मॅसेज आला. लवकर इझव अन् फोटो टाक."

"साहेब, थे तर आपलीच हाये. मघानी तुमीच तर..."

"आपली असो का कोनाची, नागपूरच्या हापिसवाल्याइले का मालूम? इझवल्याचा फोटो पायजे मले!"

सतरा वर्षांत इतक्या आनंदाने पत्रूने हुकूम पाळला नसेल. पाच मिनिटांत आग मातीखाली गेली, फोटोही गेला. मोहफुले वेचून परतणाऱ्या बाया धूर पाहून आल्या आणि हाताला लागतील ती पुस्तके टोपल्यांत घालून घेऊन गेल्या. पत्रूने ढिगाच्या मधून काढलेल्या रजिस्टरच्या फक्त कडा काळ्या पडल्या होत्या. कागदोपत्री ते भस्म झालेले होते, आणि भस्म घरी नेण्याला सरकारची मनाई नाही.

पण घरी जाईपर्यंत त्याला दम निघाला नाही. तिथेच सागाखाली बसून त्याने मधले एक पान उघडले आणि बोट ठेवत वाचू लागला. वर नंदिनी बाईंनी लिहिले होते : "पत्रूच्या बापाची गोष्ट. ठमाबाई म्हणते, ही पत्रूला ऐकवायची नाही."

बाप तापाने गेला, एवढेच त्याला आजवर माहीत होते. पान वेगळे सांगत होते. फुले वेचायला सोपे जावे म्हणून मोहाखालचा पाला जाळताना वारा फिरला, आग गावाकडे वळली, आणि ती विझवायला धावलेला बाप परत आला नाही. पत्रू तेव्हा पाळण्यात होता. पोराला जंगलाची भीती बसू नये म्हणून ठमाबाईने ताप सांगितला, आणि पोराने मोठा होऊन नेमके हेच काम धरले. तो कामावर निघाला, की परत येईपर्यंत ती कुंपणाशी उभी राहायची. "काऊन उभी राह्यते रोज?" म्हणून तो तिच्यावर खेकसायचा. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा तिथेच असायची.

पत्रू रडला, चांगला हमसून रडला. हे पान जळाले असते तर बरे झाले असते, असेही त्याला क्षणभर वाटले. मातीखाली निखारे अजून धुमसत होते, आणि पान फाडून तिथे सरकवायला काहीच लागत नव्हते.

त्याने डोळे पुसले, बोट पुन्हा पहिल्या ओळीवर ठेवले आणि आईला जे सांगवले नव्हते ते या वेळी मोठ्याने वाचायला लागला.