सहावी ओळ

पोलीस ॲक्शन झालं आणि पुढच्या काही वर्षांत बाबांचं उर्दू मातीमोल झालं. निजामाच्या राज्यात ते कचेरीत नकलनवीस होते. अक्षर मोत्यासारखं. कागदाची नक्कल अशी उतरवायचे, की अस्सल कोणता हे साहेबालाही चटकन कळू नये. मग कचेरीत मराठी आली. घरात आम्ही मराठीच बोलायचो, प्रार्थनाही मराठीतच, पण कचेरीची मराठी बाबांना लिहिता येईना. त्यांना पाकिटांवर तिकिटं डकवायला बसवलं. तो अपमान ते कधीच विसरले नाहीत.

अशातच आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या पाळकांनी खबर आणली. मिशनच्या एका इंग्रजी बोर्डिंगात मोफत जागा होती, मनमाडला गाडी बदलून पुढं दिवसभराच्या वाटेवर. एका घराला एकच जागा. थोरलीनं घ्यावी; तिनं सोडली तर धाकटीनं. थोरली म्हणजे माझी ताई, बारा वर्षांची. धाकटी मी, दहाची.

आईचा साफ विरोध होता. तिच्या माहेरची, सिल्लोडकडची, एक मुलगी अशाच बोर्डिंगातून खोकत परत आली होती आणि पुन्हा उठली नव्हती.

"इथं छावणीत शाळा हाय की," आई म्हणाली. "पोरगी डोळ्यापुढं राहील."

"डोळ्यापुढं राहून माझ्यासारखी तिकिटं डकवील. राज्यं बदलतात. इंग्रजीला मरण नाय."

आई गप्प बसली. आमच्या घरात बाईचं गप्प बसणं होकारच धरत.

औरंगपुऱ्यातून पत्र्याची पेटी आली. पेंटरनं नाव विचारलं, तेव्हा बाबांनी तिच्यावर नुसतं आडनाव घालून घेतलं. पुढंमागं धाकटीलाही चालेल, म्हणाले. त्या दिवसापासून मला ती पेटी बघवेना. ताई गेली तेव्हा मी रडले खरी, पण पेटी तिच्याबरोबर गेली याचं मला बरंही वाटलं.

दर महिन्याला ताईचं पत्र यायचं, इंग्रजीत. पाच ओळी आणि खाली सही. पहिलं पत्र पाळकांनी वाचून दाखवलं: मी बरी आहे, अभ्यास चांगला चालला आहे, देव दयाळू आहे. पुढच्या पत्रांना बाबांनी वाचणारा शोधलाच नाही. रविवारची उपासना सुटली की देवळाच्या दारात उभं राहून ते येणाऱ्याजाणाऱ्याला पत्र दाखवत. "अक्षर बघा!" लोक बघत आणि माना डोलवत.

तिसरं पत्र आलं तेव्हा मी तिन्ही शेजारीशेजारी ठेवली. इंग्रजी मला येत नव्हतं, पण डोळे होते. पाचही ओळी तंतोतंत त्याच. फळ्यावर लिहिलेलं मुलींनी उतरवून घेतलेलं दिसत होतं. जन्मभर नकला केलेल्या माणसाला ही नक्कल ओळखू येऊ नये, याचा मला आजही राग येतो. त्यांना ती ओळखायचीच नव्हती.

मी आईला सांगितलं. ती भाकरी थापायची थांबली.

"मंग पोरगी सोता काय म्हणती?" तिनं विचारलं. मला काय ठाऊक?

पाचव्या पत्रात सहावी ओळ होती. सहीच्याही खाली, कागदाच्या कडेला, घाईघाईत दाटीवाटीनं लिहिलेली. शाई फिसकटली होती. बाबा हरखले. "बघा, आता मनानं लिहाया लागली!" ही ओळ मात्र त्यांना समजून घ्यायची होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी पत्र माझ्या हातात दिलं आणि मिशनच्या दवाखान्यातल्या मडमसाहेबांकडून वाचून आण म्हणाले.

त्याच वर्षी आमच्या वर्गात इंग्रजी सुरू झालं होतं. वाटेत मी पत्र उघडलं. मला दोनच शब्द लागले: होम आणि सिस्टर. तेवढे पुरे झाले. ताईला घरी यायचंय आणि तिच्या जागी बहिणीला पाठवा म्हणतेय, असा मी अर्थ लावला. पेटीवरचं आडनाव डोळ्यांपुढं आलं. दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेले आणि माघारी फिरले. भ्याले होते, दुसरं काही नाही.

"मडम म्हणाल्या, इथं घरासारखं वाटतंय, बहिणीला सलाम सांगा, असं लिहिलंय," मी बाबांना सांगितलं. बाबांनी तेही मंडळीला ऐकवलं. आई माझ्याकडं बराच वेळ बघत राहिली.

तीन आठवड्यांनी तार आली. ताई तापात गेली होती. बाबा पोहोचायच्या आत तिला तिथंच माती दिली होती. बाबा पेटी घेऊन परतले. मोफत जागेचं नाव घरात पुन्हा निघालं नाही. मी छावणीच्या शाळेतच राहिले.

ताईच्या आठवणीची प्रार्थना दरवर्षी घरी व्हायची. आठवीत मला बऱ्यापैकी इंग्रजी यायला लागलं, तेव्हा बाबांनी सगळ्यांसमोर मला ते शेवटचं पत्र वाचायला लावलं. सहाव्या ओळीशी मी थबकले आणि माझीच जुनी थाप पुन्हा सांगितली. बाबांनी डोळे पुसले.

पाहुणे गेले. बाबा त्यांना पोचवायला रस्त्यापर्यंत गेले. आई चहाच्या कपबशा गोळा करत होती.

"आता खरं वाच," ती म्हणाली.

मी वाचलं. "मला घरी न्या. माझ्या बहिणीला इथं पाठवू नका."

आई खाली बसली. कपबशा मांडीवर तशाच. तिनं एवढंच विचारलं, "तवा कळलं असतं, तर तिला आणाया गाडी व्हती का?"

"व्हती," मी म्हणाले. "रोज व्हती."