गोठ्यातला नाताळ

नव्या तणसाचा, धानाच्या पेंढ्याचा, वास आला की मला माझं पहिलं बाळंतपण आठवतं. सौंदडचं आमचं घर धानाच्या पोत्यांनी भरलं होतं, म्हणून माझी बाज गोठ्यात टाकली होती. मूल अडलं, तेव्हा दीर सायकलवर जाऊन ख्रिस्ती नर्सबाईंना घेऊन आला. त्यांचा नाताळ होता. प्रार्थना अर्धी सोडून त्या नव्या पांढऱ्या साडीतच आल्या. सासूबाई ओशाळल्या. म्हणाल्या, "बाई, सणाच्या दिवशी तुमाले गोठ्यात बसवून राहिलो." तणसावर गुडघे टेकत बाई म्हणाल्या, "आमचा देवही गोठ्यातच जन्मला, माय. गरिबातल्या गरिबालेही तो आपला वाटावा म्हणून." दुपारी माझी मुलगी रडली. बाईंनी तिला पुसून माझ्या कुशीत दिलं आणि डोळे मिटून तिथंच उरलेली प्रार्थना केली. ती मुलगी आता आजी झाली आहे. तिच्या वाढदिवसाला मी आधी त्या बाईंसाठी हात जोडते.