हळदीतली पुंगी आणि पाच व्होल्ट

धर्माने दोन कीबोर्ड माझ्या काउंटरवर शेजारीशेजारी ठेवले आणि म्हणाला, "ताई, ह्याच्या पट्ट्या आनि त्याचा आवाज. जमंल?"

धर्मा कोन गावच्या बेंजो पार्टीचा, म्हणजे लग्नात वाजवणाऱ्या बँडचा, मास्टर. आमच्या भागात बेंजोशिवाय हळद लागत नाही, आणि त्याच्या पार्टीचं नाव होतं ते एका जुन्या सिंथेसायझरमधून निघणाऱ्या पुंगीच्या आवाजामुळे. जहाजावर नोकरी करणाऱ्या मेव्हण्याने तो आणला होता. आवाज ठणठणीत, पण खाऱ्या हवेने पट्ट्यांखालचे कॉन्टॅक्ट खाऊन टाकले होते आणि स्पेअर मिळत नव्हते. दुसरा कीबोर्ड नवा. पट्ट्या मऊ, आवाज मात्र खेळण्यातला. येत्या हळदीत पुंगी वाजली नाही तर दुसरी पार्टी बोलावीन, असं नवरीचे वडील हिराजीशेठ यांनी त्याला तोंडावर सांगितलं होतं. अशी एक हळद हातची गेली की गावोगावच्या सुपाऱ्या जातात.

उरण नाक्यावर माझं रिपेअरिंगचं दुकान. टीव्ही आणि टेपरेकॉर्डर पोटासाठी, बाकी सर्किटं हौसेसाठी. असलं काम समोर आलं की मला तहानभूक राहत नाही. मी हो म्हणून टाकलं.

नव्या कीबोर्डच्या मागे मिडी नावाचं सॉकेट असतं. पट्टी दाबली की त्यातून आवाज नाही, आकडे बाहेर पडतात. एकाच वायरवरून, एकामागून एक: अमुक पट्टी दाबली, अमुक सोडली. हा सीरियल सिग्नल. जुन्या सिंथेसायझरला आकडे कळत नाहीत, व्होल्टेज कळतं. त्याच्या मागच्या सॉकेटला एक व्होल्ट जास्त दिला की सूर एक सप्तक वर चढतो. म्हणजे मधे दुभाषा हवा. मी मायक्रोकंट्रोलर नावाच्या एका चिपला आकडे वाचायला लावलं आणि त्याच्या पायांना रेझिस्टरची शिडी जोडली. आकडा मोठा, तर शिडीच्या टोकाला व्होल्टेज जास्त. सगळं एका पत्र्याच्या डब्यात बसवलं.

दुकानात धर्माने नव्या पट्ट्यांवर बोटं ठेवली आणि जुनी पुंगी वाजली. नाक्यावरची माणसं दारात गोळा झाली. मी स्वतःवर बेहद्द खूश.

हळदीच्या संध्याकाळी धर्मा मलाही कोनला घेऊन गेला. मांडवात टेस्टिंग सुरू झालं. पुंगी एकटी वाजली तेव्हा सुरात होती. मग ड्रम आणि बेस सुरू झाले, आणि प्रत्येक ठोक्याला ती खाली घसरायला लागली. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. हिराजीशेठ तरातरा आले.

"मास्टर, ही पुंगी हाय का बकरी? मी दुसऱ्या पार्टीला सांगावा धाडतो."

धर्माचा चेहरा उतरला. मला राग आला, शेठचा नाही, माझ्याच डब्याचा. तेवढ्यात लक्ष वर गेलं. मांडवातले हॅलोजनही त्याच ठोक्याला मंद होत होते. लाइट, अ‍ॅम्प्लिफायर, सगळंच एका जनरेटरवर. ठोका पडला की तो दमायचा. सिंथेसायझरचा पॉवर सप्लाय तगडा होता, माझ्या डब्याचा अ‍ॅडॉप्टर फुसका. मीटर लावला. पक्के पाच व्होल्ट हवेत तिथे काटा नाचत होता. शिडीचा सगळा हिशोब त्या पाचावर. ते हलले की प्रत्येक सूर हलणार.

मी शेठना म्हटलं, "सांगावा नंतर धाडा. आधी तुमच्या जीपची बॅटरी काढून द्या."

"जीप उद्या वऱ्हाडाला लागंल."

"सकाळी मी स्वतः लावून देते. आता पुंगी नाही वाजली, तर हा डबा विहिरीत टाका."

शेठनी ड्रायव्हरला पाना आणायला सांगितलं.

जनरेटर कितीही धापा टाकू दे, बॅटरीला त्याचं सोयरसुतक नाही. अ‍ॅडॉप्टर काढून फेकला, बारा व्होल्टचे पक्के पाच करणारा पेटीतला रेग्युलेटर मधे घालून बॅटरीच्या वायरी जोडल्या, धर्माला मान हलवून खूण केली. ड्रम, बेस, सगळे एकदम सुटले. हॅलोजन मिणमिणत होते आणि पुंगी त्यांच्यावरून सरळ, खणखणीत निघाली. एक सूर जागचा हलला नाही. हसणाऱ्या बायका आधी उठल्या, मग अख्खा मांडव नाचायला लागला. धर्मा वाजवता वाजवता रडत होता. मलाही इतका आनंद कुठल्या टीव्हीने दिला नव्हता.

सकाळी कबूल केल्याप्रमाणे बॅटरी काढायला गेले, तर शेठनी माझा हात धरला.

"राहू दे ताई. धर्मा वरातीला पन वाजवनार हाय. जीपला धक्का मारायला वऱ्हाड हाय ना."

तेव्हापासून सर्किट टेबलावर चाललं की मी टाळ्या वाजवत नाही. ते तेव्हा फक्त टेबलावर चाललेलं असतं.