शिळं कुणाच्या पानात

माझं लग्न झालं तेव्हा भाजी मार्केट मुंबईहून वाशीला येऊन थोडाच काळ झाला होता. सासरे तिथे माथाडी होते, मूळचे साताऱ्याकडचे. रोज घरी येताना त्यांच्या पिशवीत गाळ्यावर उरलेला माल असायचा. फुटलेले टोमॅटो, कोंब आलेले बटाटे, बाहेरची पानं काळी पडलेला कोबी. कधीकधी आठवडाभर नुसता कोबीच. जुईनगरच्या आमच्या दोन खोल्यांत खायला कमी होतं असं मी म्हणणार नाही. जास्तच होतं. म्हणून तर अजून राग येतो. गरिबी असती तर समजून घेतलं असतं.

मी करावे गावची, खाडीकाठची. ह्यांची माझी ओळख तळोज्याला कारखान्यात झाली; मी तिथे पॅकिंगला होते. लग्न दोन्ही घरांच्या मनाविरुद्ध झालं. माझे बाबा नंतर निवळले, सासूबाई नाही. त्यांनी मला कधी मारलं नाही, शिवी दिली नाही. फक्त शिळं वाढलं.

ताज्या भाकऱ्या सासऱ्यांना, ह्यांना, मग सासूबाईंना. आदल्या दिवशीच्या माझ्या. "उरलेलं संपवल्याबिगर नव्याला हात लावायचा न्हाय," हा घरचा नियम, पण घरात तो मला एकटीलाच लागू होता. शिवाय पुरुषांना कमी पडू नये म्हणून रोज चार भाकऱ्या जास्त थापायच्या. त्या उरायच्याच. म्हणजे माझं उद्याचं जेवण आजच शिजलेलं असायचं.

शिळ्याचं मला वावडं नव्हतं. माहेरी कोळंबीचं कालवण दुसऱ्या दिवशी मुरलं की आम्ही भावंडं त्यासाठी भांडायचो. आई तांदळाच्या भाकरीबरोबर ते सगळ्यांना सारखं वाटायची, स्वतःलाही घ्यायची. तिथे शिळं म्हणजे चैन होती. इथे आल्यावर कळलं, तेच अन्न माणसाला त्याची जागा दाखवायलाही वापरता येतं.

मग मी त्यात हात बसवला. उरलेल्या आमटीत पीठ भिजवून धपाटे, भाताचे वडे, कोबीच्या देठांची चटणी, मऊ टोमॅटोचं सार. तेच तेच गिळवत नव्हतं म्हणून हे सुचायचं, दुसरं काही कारण नव्हतं. पण सोसायटीतल्या बायका सासूबाईंना म्हणायच्या, "तुमच्याकडे काही वाया जात नाही हो!" सासूबाई म्हणायच्या, "वळण लावलंय मी तिला."

एका रविवारी बाबा आले. न कळवताच. हातात पिशवी, पिशवीत खाडीची कोळंबी, अजून ओली. सासूबाईंनी ती हसून घेतली आणि म्हणाल्या, "जेवून जावा पाव्हणं, असं कसं जाता?"

मी आत गेले आणि परातीत पीठ घेतलं. त्या मागोमाग आल्या.

"काय करतीस?"

"बाबांना दोन भाकऱ्या थापते. पटकन होतील."

"तवा उतरवलाय मी. कालच्या भाकऱ्या हाईत की. चुरा कर फोडणी घालून, तुझ्या हातचा चांगला हुतो."

"आई, ते पहिल्यांदाच जेवायला बसतायत."

"मग? परकं हाईत का?"

मी कांदा चिरला. शेंगदाणे घातले, लिंबू पिळलं, वर कोथिंबीर. जेवढं करता येईल तेवढं केलं.

बाहेर तिघे ओळीने बसले होते. सासऱ्यांच्या आणि ह्यांच्या ताटात मऊ ज्वारीच्या भाकऱ्या, वांग्याची भाजी. बाबांच्या ताटात चुरा, बाजूला भाजी. बाबांनी एक घास खाल्ला. म्हणाले, "बाय, बरा झालाय."

सासूबाई दारात उभ्या होत्या. "कळलं का पाव्हणं, कशाचा हाय? कालच्या भाकरीचा! तुमची लेक कायसुदिक वाया घालवत न्हाय."

बाबांचा हात ताटातच थांबला. त्यांनी ह्यांच्या ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सासऱ्यांनी मान खाली घातली. ह्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला आणि खाल्ला.

बाबांनी ताट पूर्ण संपवलं. एक कण ठेवला नाही. हात धुवायला मोरीत आले तेव्हा मी पाणी ओतत होते. हळूच विचारलं, "बाय, तू रोज काय जेवतंस?"

"सगळं जेवते, बाबा."

त्यांनी टॉवेलला हात पुसला आणि चपला घातल्या.

संध्याकाळी मी ह्यांना विचारलं, "तुम्ही का गप्प बसलात? तुमच्या ताटातली एक भाकरी तरी त्यांना दिली असती."

"आई जुन्या वळणाची आहे. आणि अन्नच होतं ना ते? विष नव्हतं. उगाच टेन्शन घेऊ नकोस."

त्या संध्याकाळी बाबांच्या कोळंबीचं कालवण मीच केलं. सगळ्यांनी मागून मागून खाल्लं. मी बसले तेव्हा पातेल्यात फक्त पाण्यासारखा रस्सा होता. सासूबाई भांडी आवरताना म्हणाल्या, "आज बघ, कायबी उरलं न्हाय." आवाजात समाधान होतं.

त्यानंतर बाबा आले की दारातच उभे राहायचे. मासे द्यायचे, नातवंडं झाल्यावर त्यांना जवळ घ्यायचे, पण पाण्यापलीकडे काही नाही. "जेवून आलो," एवढंच.

सासऱ्यांचं काम सुटल्यावर ते आणि सासूबाई कायमचे गावी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आदल्या दिवशीचा भात कचऱ्याच्या डब्यात टाकत होते. हे बघत होते.

"चांगला भात आहे. वाया कशाला घालवतेस?"

"तुम्ही खाता का? फोडणी देते."

"मला शिळं सोसत नाही, माहितीये ना तुला."

लग्नाला इतकी वर्षं झाली होती आणि मला हे माहीत नव्हतं. माहीत होण्याची वेळच कुणी येऊ दिली नव्हती. मी भाताचं पातेलं डब्यात सगळं उलटं केलं.

त्या रविवारी मी बाबांना मुद्दाम बोलावलं. सकाळपासून उभी होते. तांदळाच्या भाकऱ्या, तळलेली मांदेली, सोलकढी. सगळं त्याच सकाळचं. बाबा आले, दाराशी चपलांतच थांबले.

"आत या ना. आता स्वयंपाकघर माझंच आहे. सगळं ताजं केलंय."

"दिसतंय गो बाय," ते म्हणाले, "पन मी जेवून आलोय."

मी खूप आग्रह केला. ते पाणी प्यायले, फुलपात्र माझ्या हातात दिलं आणि स्टेशनकडे चालायला लागले.