बापानं जुंपलेली बंडी

आमचा बाप देवाजी बोलायला लागला की ताटातली भाकर वाळून जायची. मजुराचा पोरगा, पंचायत समितीवर निवडून आला अन् एकच धोशा लावला: गरिबाच्या पोरीला शिक्षण फुकट पाहिजे, राहण्या-जेवणासकट. हैदराबादेपर्यंत, म्हणजे आमच्या राजधानीपर्यंत, चपला झिजवून त्यानं जवळच्या इचोड्याला मुलींचं वसतिगृह मंजूर करून आणलं. अट एकच होती. ठरल्या दिवशी संध्याकाळपर्यंत पोरी हजर पाहिजेत, नाहीतर ते दुसऱ्या गावाला जाणार.

आता बापाची हौस पाहा. त्या दिवशी आमच्या खेड्यातून पोरी न्यायला त्यानं थेट सरकारी जीप मागवली. आणीबाणी नुकतीच सरलेली. मागल्या साली अशीच जीप आली होती, 'सगळं फुकट' म्हणत बाप्ये भरून नेले अन् नसबंदी करून परत सोडले. हे बापाच्या ध्यानातच नाही. जीपचा आवाज आला तशा बाया पोरी घेऊन ज्वारीत घुसल्या.

"पिल्ललु एक्कड?" पोरं कुठं आहेत, म्हणून जीपमधून उतरलेला साहेब तेलुगूत विचारत राहिला. बाप ज्वारीकडं तोंड करून भाषण द्यायला लागला. आतून शेजारच्या वच्छलाबाईचा आवाज आला, "देवाजीभाऊ, इतकं चांगलं हाय तं तुमची रुख्मिणी काऊन घरी बसली?"

रुख्मिणी म्हणजे मी. लहान भावाला सांभाळायला बापानं मला घरीच ठेवलं होतं.  वच्छलाबाईचं ऐकून मला मनातून गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला बोलू.

माय भावाला कडेवर घेऊन पुढं आली. "अवो, याले मी वावरात नेईन. पोरीले पाठवा. अन् जीपमंदी नाई, आपल्या बंडीत."

बापानं मुकाट्यानं बैल जुंपले, मला उचलून पुढं बसवलं. बंडी धुऱ्याधुऱ्यानं, शेतांच्या बांधाकडेनं निघाली. आधी वच्छलाबाईनं तिची पोरगी आणून बसवली, मग एकेक करत बंडी भरली. मागून साहेब हॉर्न वाजवत होता. पण वाट अरुंद अन् बैल आमचे.

इचोडा दिसल्यावर बापानं मागं वळून पाहिलं. "पाह्य रुख्मिणे, जलमभर आपण सरकारच्या मागं धावलो. आज सरकार आपल्या मागून येऊन राह्यलं."

वसतिगृह इचोड्यालाच राहिलं. पुढं तिथली वॉर्डन मीच झाले, अन् पोरी म्हणतात, बाई बोलायला लागल्या की भाकर वाळून जाते.