पहिला पोहरा

काकी गेल्याचा निरोप मला पावसहून येणाऱ्या एस.टी.च्या कंडक्टरने दिला. मी रत्नागिरीच्या स्टँडबाहेर भाजी घेत होते. "तुमची सुभद्राकाकी गेली हो, सकाळी," एवढंच बोलून तो तिकिटांची पेटी घेऊन आत गेला... मी भेंडी हातात धरून तशीच उभी. महिना उलटला, तरी माझा राग गेलेला नाही. कोणावर, ते नीट सांगता येत नाही. समुद्रावर रागावून काय होणार?

आमची वाडी पावसच्या खालच्या अंगाला, तिन्ही बाजूंनी खाडी. खारं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून मातीचा लांब बांध, आणि बांधाच्या आत वाडीची एकच विहीर. रोज सकाळी त्या विहिरीचा पहिला पोहरा काकी काढायची. घोटभर पाणी तोंडात घेऊन डोळे मिटून घोळवायची आणि "ग्वाड हाय गो!" म्हणायची. मगच बाकीच्या बायकांचे पोहरे खाली जायचे. हे काम तिला कोणी नेमून दिलं नव्हतं. तिच्या सासूने केलं, म्हणून तिने केलं. आम्ही पोरी चूळ भरून, डोळे फिरवून तिची नक्कल करायचो, तेव्हा तिच्या हातचा धपाटा ठरलेला.

पावसाळ्याआधी घरटी एक माणूस बांधावर, हा वाडीचा कायदा. हाळी द्यायला काकीच. आवाज असा, की मेलेला उठून टोपली उचलेल. पण पुरुष मुंबईला गेले, काकाही गोदीत लागला. आधी सगळे मे महिन्यात येऊन बांध घालून जायचे. पुढे मनिऑर्डरी येत राहिल्या, माणसं येईनाशी झाली. मनिऑर्डरीने भगदाड बुजत नाही. उरलेल्या म्हाताऱ्या आणि लेकुरवाळ्या बायाच चिखल वाहायच्या... अखेर एका भाद्रपदात अमावास्येच्या उधाणाने बांध फोडला. पोटरीला आलेलं, लोंब्या फुटायच्या बेतातलं भात खाऱ्या पाण्यात उभ्या उभ्या जळालं. काका त्यानंतर मुंबईतच वारला.

बांध फुटल्यावर सरकारचे एक साहेब आले, वाडी किती तग धरेल ते बघायला. माणूस भला होता. "आजी, विहिरीचं पाणी कसं आहे?" त्यांनी विचारलं. काकीने तांब्या पुढे केला. "ग्वाड हाय. तुमी बांध तेवडा घालून द्या." साहेब एक घोट प्याले, तिच्याकडे बघत राहिले आणि त्यांनी तांब्या हळूच ओट्यावर ठेवला. बांध काही झाला नाही. एकेका घराला कुलूप लागत गेलं. काकी मात्र रोज सकाळी ग्वाड म्हणतच राहिली.

आमची शेवटची भेट यंदाच्या मे महिन्यातली. तिने वाढलेली पेज इतकी खारट, की मी म्हटलं, "काकी, मिठाचा हात फारच सुटलाय." "वय झालं गो, अंदाज ऱ्हात नाय," ती म्हणाली. पाय सुजले होते. ओढतच तिला डॉक्टरकडे नेलं. रक्तदाब भलताच निघाला. मीठ बंद, असं डॉक्टरांनी बजावलं. त्यावर काकी पदरात तोंड लपवून हसायला लागली, ती थांबेचना. मला तिचा भयंकर राग आला. माझ्याकडे राहायला चल म्हटलं, तर म्हणते, "मी हालले तर येसू कुनाच्या जिवावर ऱ्हाईल?" येसू तिची शेजारीण, मूलबाळ नसलेली विधवा. माहेरचंही कोणी उरलं नव्हतं.

तेराव्याच्या सकाळी मी काकीच्या स्वयंपाकघरात मीठ शोधत होते. बरणी गळ्यापर्यंत भरलेली. चमचा आत जाईना. खडेमिठाचा दगड झाला होता आणि वर धूळ. किती पावसाळे त्या बरणीला हात लागला नव्हता, कोण जाणे... पेजेत मीठ तिने घातलंच नव्हतं. रोज चव घेणाऱ्या बाईला विहीर खारी झाल्याचं ठाऊक नव्हतं, असं कसं म्हणू? ती खारं म्हणाली असती, तर उरलेली घरंही त्याच आठवड्यात उठली असती, आणि येसूला जायला जागाच नव्हती. बरणी पोटाशी धरून मी तिथेच बसले आणि पोटभर रडले.

बाहेर दोराचा आवाज आला. मी खिडकीतून पाहिलं. येसूने पहिला पोहरा काढला होता. ओंजळ तोंडाला लावून तिने डोळे मिटले. गिळायला तिला वेळ लागला.

"ग्वाड हाय गो," ती म्हणाली. ऐकायला विहिरीवर दुसरं कोणी नव्हतं.